जुनी डिझेल पिकअप "१५० आरामात जाते" म्हणून गळ्यात मारली, तिचा खरा वेग किती निघाला ते वाचा

जुनी डिझेल पिकअप घ्यायच्या विचारात असाल आणि विकणारा इंजिन, चेसिस, गंज यावर काही न बोलता नुसतं वेगाचंच कौतुक करत असेल तर सावध व्हा. मला जी विकली ती अडीच लिटरची बिनटर्बो (म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो नसलेली) डिझेल, नवी असताना ८० च्या आसपास हॉर्सपॉवर, पाच गिअर, मागं पाट्यांच्या स्प्रिंगा. विकणाऱ्याचं एकच पालुपद, "साहेब, १५० आरामात जाते, मी अजून पूर्ण दाबलीच नाही." ट्रायल घेतली तर काटा खरंच पटापट वर चढत होता, १०० कधी ओलांडले कळलं पण नाही. वर मायलेज १४ चं सांगितलं आणि घेतल्यावर टाकी फुल करून मोजलं तर मीटरच्या हिशोबानं १४ च आलं, म्हणजे माणूस खरं बोलतोय असंच कुणालाही वाटणार.

खटकायला लागलं ते वेगळ्याच गोष्टीनं. काटा १०० वर असताना लोड भरलेले ट्रक निवांत ओव्हरटेक करून जायचे. ते काही घाईत पण दिसत नव्हते. मग एकदा रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड धरून मीटर बघत गेलो, दहा दगड गेले तेव्हा मीटरवर सव्वाबारा किलोमीटर पडले होते. फोनमधलं जीपीएस लावलं तर काटा १०० ला, फोन ७८ ला. आणि मायलेजचं गुपित पण तिथंच फुटलं, कारण किलोमीटरच जर सव्वापट पडत असतील तर १४ चं खरं साडेअकराच होतं ना राव.

आता थोडा फरक कंपनीकडूनच असतो हे खरं आहे. संयुक्त राष्ट्रांचा ३९ नंबरचा नियम आहे, बरेच देश तो पाळतात, त्यात असं आहे की स्पीडोमीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर चालतं पण खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर एवढंच. म्हणजे खरे ७८ असतील तर जास्तीत जास्त ९० च्या आतबाहेर. १०० दाखवतोय म्हणजे कुणीतरी हात मारलाय.

मिस्त्रीला दाखवलं. त्यानं वर काही बघितलंच नाही, गाडीखाली गेला, गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला जिथं मीटरची केबल बसते तिथला एक बोल्ट काढला आणि अंगठ्याएवढी प्लास्टिकची पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, बाहेर काढून माझ्या हातावर ठेवली. "दात मोजा दादा." मोजले, १८. "या गाडीला २२ दातांची लागते." विषय संपला. गिअरबॉक्स या पिनियनला फिरवतो आणि पिनियन केबलला, त्यामुळं दात कमी केले की त्याच वेगाला केबल जास्त फिरते आणि काटा पळतो. २२ भागिले १८ म्हणजे १.२२, दहा किलोमीटरला सव्वाबारा कुठून आले ते बरोबर जुळतं. पिनियन अगदी कोरी करकरीत, बाकी गाडी तेलानं काळी. किरकोळ पार्ट आहे आणि पाच मिनिटांचं काम आहे, म्हणूनच सांगतोय, ही युक्ती कुणीही करू शकतो.

आता त्यानं व्यवहाराआधी मीटरचा फोटो पाठवला होता, पाचव्या गिअरमध्ये काटा १५० वर, तो फोनमध्ये होताच. त्याच फोटोत शेजारी आरपीएमचा काटा ३१०० वर दिसतोय. आरपीएमचा या पिनियनशी काही संबंध नसतो, त्यामुळं तो खरं बोलतो. माझ्या गाडीला क्राऊन पिनियनचा (मागच्या अ‍ॅक्सलमधले मोठे गिअर, मीटरची पिनियन वेगळी) रेशो ४.१, पाचव्या गिअरचा ०.८५, आणि टायरचा एक फेरा साधारण २.२ मीटर. ३१०० ला ०.८५ नं भागा, मग ४.१ नं भागा, चाकाचे मिनिटाला ८९० च्या आसपास फेरे येतात, गुणिले २.२, गुणिले ६०, झाले तासाला ११७ किलोमीटर. म्हणजे त्यानं स्वतःच मला पुरावा पाठवून ठेवला होता.

मग अशी गाडी जाते तरी किती? याच हिशोबानं बघा, या इंजिनचा गव्हर्नर (आरपीएम आवरणारा भाग) कंपनीच्या सेटिंगला ४२०० आरपीएमला डिझेल तोडतो, चौथा गिअर डायरेक्ट म्हणजे रेशो १, तर चौथ्यात १३५ च्या पुढं गाडी जाऊच शकत नाही. पाचव्यात कागदावर १५९ येतात, पण तिथं इंजिनकडं ताकदच नाही. पिकअप म्हणजे उभी काच, चौकोनी केबिन, मागं उघडा हौदा, वारा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. १३५ ला जर ८० हॉर्सपॉवर संपत असतील तर १६० ला १३० च्या आसपास पाहिजेत. ती आणणार कुठून? आणि ८० सुद्धा नवीन असतानाचे, पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, कॉम्प्रेशन उतरलेल्या इंजिनमध्ये त्यातले किती उरले असतील. त्यामुळं अशा बिनटर्बो जुन्या गाडीचा सपाट रस्त्यावर रिकामी असताना खरा टॉप ११५ ते १३० धरा, लोड टाकला किंवा चढ लागला की विसरा. हे विकणारे हमखास व्हिडिओ दाखवतात की डिझेल पिकअप किती पळतात बघा. हो, २००२ साली अमेरिकेत बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर इंजिनं ट्यून करणाऱ्या गेल बँक्सच्या टीमनं डॉज डकोटा पिकअप ताशी २१७ मैल पळवली होती, म्हणजे जवळपास ३५०, पण ती ५.९ लिटरच्या कमिन्स कंपनीच्या टर्बो इंजिनवर बांधलेली रेसिंगची गाडी. तिचा आणि आपल्या माल वाहणाऱ्या पिकअपचा संबंध एवढाच की दोन्ही डिझेलवर चालतात.

बरं पिनियनवरच थांबला असता तर निदान इंजिन तरी वाचलं असतं. ट्रायलला जो उठाव लागत होता तो इंजिनला डिझेल देणाऱ्या पंपाचा स्क्रू पिळून आणलेला. अशा रोटरी पंपावर फुल लोडचा (जास्तीत जास्त डिझेल किती जायचं तो) आणि कमाल आरपीएमचा असे स्क्रू असतात, त्यावर कंपनीची तार आणि शिसं लावून सील असतं, माझ्या पंपाची तार तुटलेली आणि दोन्ही स्क्रूंवर पान्याच्या ताज्या खुणा. टर्बो नसलेल्या इंजिनला डिझेल वाढवलं तरी हवा वाढत नाही, त्यामुळं खालून थोडा जोर वाटतो आणि बाकीचं डिझेल काळा धूर होऊन सायलेन्सरमधून जातं. लांब चढाला गाडी गरम व्हायला लागली, हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनच्या हेडखालची पॅकिंग) प्रकरण गेलं. धूर ट्रायलला दिसला कसा नाही? ट्रायल त्यानं संध्याकाळी अंधार पडल्यावर ठेवली होती, यातच काय ते समजा.

टायरचं तर कुणी बघतच नाही. साइजच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, माझ्या टायरवर एन होतं, त्याचा अर्थ कमाल १४०. म्हणजे ज्या गाडीला तो १५० आरामात म्हणून विकत होता तिचं रबरच १४० ला पास आहे. शिवाय मागं ड्रम ब्रेक, रिकाम्या हौद्याला मागं वजन नाही, जोरात दाबला की मागची चाकं आधी लॉक होतात, आणि ९० पेक्षा १३० ला ब्रेकिंगचं अंतर दुपटीच्या वर जातं. तो म्हणत होता तसं मी खरंच दाबायला गेलो असतो तर काय झालं असतं!

त्याला पिनियनचा फोटो, दगडांचा हिशोब सगळं पाठवलं. आधी म्हणाला माझ्या आधीच्या मालकानं केलं असेल, मग म्हणाला जुनी गाडी आहे, जशी आहे तशी दिली, मग फोन उचलायचा बंद. कागदावर खरंच "आहे त्या स्थितीत" असं लिहिलेलं, त्यामुळं भांडायला फार जागा उरली नाही. पैसे परत नाहीत.

तुम्ही बघायला जाल तेव्हा दिवसाउजेडी जा, इंजिन थंड असताना पोहोचा, बोनेटवर हात ठेवून बघा आधीच गरम करून ठेवलंय का. ट्रायलला फोनवर जीपीएस लावूनच बसा, आणि दहा किलोमीटर तरी दगड धरून मीटर जुळवा, विकणारा घाई करत असेल तर करू दे. केबल "नुकतीच नवीन टाकली" असं म्हणाला तर खाली वाकून पिनियन बघायचीच. चढाला तिसऱ्यात पूर्ण दाबून कुणाला तरी मागं धूर बघायला सांगा. आणि पंपाची तार तुटलेली दिसली तर पंप तपासणीच्या मशीनवर (बेंचवर) लावून सेट करायचा खर्च किती येतो ते मिस्त्रीला आधी विचारा, आणि तेवढे किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा.