मुंबईहून गोवा: दाबोळी की मोपा?

गोव्यात दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि मोपा. मुंबईहून सरळ रेषेत दाबोळी साधारण ४२५ किलोमीटर, मोपा ३८५. हा ४० किलोमीटरचा फरक हवेत जेमतेम तीन-चार मिनिटांचा. धावपट्टीसाठी रांग लागली की तोही संपतो. दोन्हीकडे वेळापत्रकात सव्वा तासच धरा.

खरा फरक उतरल्यावर पडतो. मडगाव, कोलवा, काणकोणसाठी दाबोळीच घ्या. मोपाहून मडगाव साठेक किलोमीटर, म्हणजे दीड तास सहज. पेडणे, हरमल, बांदा, सावंतवाडीला मात्र मोपा सोन्यासारखा. पणजीला दाबोळी थोडा जवळ.

तिकिटावर नुसतं ‘गोवा’ पाहून पैसे भरू नका. विमानतळाचा कोड बघा: ‘जीओआय’ (GOI) म्हणजे दाबोळी, ‘जीओएक्स’ (GOX) म्हणजे मोपा. परतीचं तिकीट कधीकधी दुसऱ्याच विमानतळाचं निघतं, तेही तपासा.