दहा रुपयांत मेडिकल फाइल: डिसॅबिलिटी पेन्शनसाठी आरटीआय कितपत कामाचा?

फौजेतून लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे आजार किंवा दुखापतीमुळे कमी वैद्यकीय श्रेणीत, घरी आलेल्या जवानाचा डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, नामंजूर झाला की पहिली धाव बहुतेक वेळा तालुक्याच्या खासगी हॉस्पिटलकडे असते. नवा एमआरआय, नवे सर्टिफिकेट, वर डॉक्टरांचा शिक्का. एवढा खर्च होतो आणि दावा जागचा हलत नाही, कारण तो अडलेला असतो जुन्या कागदांवर. ते कागद रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या नोंदी सांभाळणाऱ्या फौजेच्या कार्यालयात असतात आणि ते मागवण्याची सर्वांत स्वस्त सोय म्हणजे माहितीचा अधिकार. हा आढावा त्याच सोयीचा. मत आधीच सांगतो: एवढ्या पैशात एवढे देणारी दुसरी सेवा नाही. पण अर्ज मोघम लिहिला, तर डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्सपलीकडे हाती काही लागत नाही.

जुनेच कागद का लागतात, ते रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे नोकरी सुटताना तपासणाऱ्या फौजी डॉक्टरांच्या मंडळाच्या, फॉर्मवरून कळते. एएफएमएसएफ-16 हा तो फॉर्म. त्यात प्रत्येक आजारापुढे तीन प्रश्न असतात: नोकरीमुळे झाला का, नोकरीत वाढला का, की नोकरीशी संबंधच नाही. पहिल्या दोन्हींपुढे ‘नो’ लिहिले की फौजी भाषेत केस ‘नाना’ झाली. मग अपंगत्वाच्या टक्केवारीच्या रकान्यात ‘30 टक्के, आजीवन’ असे लिहिलेले असले, तरी खालच्या ‘पेन्शनसाठी पात्र निव्वळ टक्केवारी’ या ओळीत ‘निल’ येते. घरचे लोक वरचे 30 बघतात, पेन्शन खाते खालचे ‘निल’ बघते. आज गुडघा किती दुखतो याचा नवा दाखला त्या ‘नो’ला हात लावू शकत नाही. आजार कधी, कुठे आणि कोणत्या ड्यूटीवर सुरू झाला, हे सांगणारा त्या काळचा कागदच लावू शकतो.

आता सेवा प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. केंद्राच्या नियमांप्रमाणे अर्जाची फी 10 रुपये, प्रतींचा दर ए-4 पानाला 2 रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज शक्यतो 500 शब्दांत बसवावा. दोन वाटा आहेत. आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर 3000 अक्षरांची मर्यादा आहे आणि तिथला अर्ज आधी वर जाऊन मग खाली रेकॉर्ड ऑफिसकडे सरकतो. दुसरी वाट म्हणजे 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून थेट रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याला स्पीड पोस्ट. आमचा कौल दुसऱ्या वाटेला. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोपखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला. नौदलाच्या खलाशांचे कागद मुंबईतच, मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्समध्ये. अर्जात आर्मी नंबर, रँक, युनिट, नोकरी सुटल्याची तारीख आणि असेल तर पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर घालावा. ओळखपत्राची आणि डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानाची सही केलेली प्रत जोडावी. जवान हयात नसेल तर पत्नीने तिचे नाव असलेल्या पीपीओची प्रत लावावी.

खरी मेख मागणीच्या शब्दांत आहे. ‘माझी सर्व मेडिकल कागदपत्रे द्यावीत’ असे लिहिले की समोरच्याला हवे तेवढेच द्यायची मोकळीक मिळते. ‘मला नाना का केले?’ हा प्रश्न तर विचारूच नये. कायद्याने रेकॉर्डवर असलेली माहिती मिळते, खुलासा मिळत नाही, आणि त्या एका प्रश्नाच्या आडोशाने अख्खा अर्ज गुंडाळला जातो. फॉर्मच्या नावानिशी मागावे: भरतीच्या वेळचा एएफएमएसएफ-2ए; मेडिकल कॅटेगरी लावल्याचे आणि बदलल्याचे सगळे एएफएमएसएफ-15; सर्व भागांसह आणि स्पेशालिस्टच्या मतासह एएफएमएसएफ-16; दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट आयएएफवाय-2006 आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे निष्कर्ष; पोस्टिंगच्या पार्ट टू ऑर्डर्स (युनिटने सेवेतल्या घडामोडींची नोंद करणारे आदेश); नामंजुरीचे मूळ पत्र. शेवटी एक ओळ हवीच: ‘यांपैकी जो कागद उपलब्ध नसेल त्याचे नाव आणि तो नष्ट केल्याचा आदेश किंवा बोर्ड प्रोसीडिंग यांची प्रत द्यावी.’ ही ओळ नसली की ‘उपलब्ध नाही’ एवढ्या दोन शब्दांवर बोळवण होते.

हॉस्पिटलची केस शीट मात्र रेकॉर्ड ऑफिसात असेलच असे नाही. तिच्यासाठी त्या त्या मिलिटरी हॉस्पिटलला वेगळा अर्ज करावा, अॅडमिशनची तारीख आणि वॉर्ड घालून. तारीख डिस्चार्ज स्लिपवर सापडते. स्लिप हरवली असेल तर एएफएमएसएफ-15 मध्ये आजार सुरू झाल्याची जागा आणि तारीख असते, तिथून माग काढता येतो.

पाकीट आले की आधी 2ए उघडावा. भरतीच्या वेळी त्या आजाराची नोंद नसेल, तर निम्मी लढाई तिथेच आहे. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2013 रोजी हेच सांगितले: भरतीवेळी नोंद नसलेला आणि पुढे नोकरी सोडायला लावणारा आजार नोकरीतच जडला असे धरायचे, आणि बोर्डाला तसे वाटत नसेल तर त्याने कारणे लिहायची. म्हणून एएफएमएसएफ-16 मधला कारणांचा रकाना भिंग लावून वाचावा. ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर’ (शरीराच्या मूळ प्रकृतीतला आजार) किंवा ‘पीस स्टेशनमध्ये सुरुवात’ एवढेच लिहिले असेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा मिळाला.

मग पोस्टिंगचा तक्ता. त्याच फॉर्मच्या पहिल्या भागात जवानाच्या निवेदनाखाली कुठून कुठपर्यंत कुठे होता आणि ते ठिकाण पीस (शांत छावणी) होते की फील्ड (मोर्चाचा भाग), हे पी आणि एफ या अक्षरांनी भरलेले असते. चुका नेमक्या इथे असतात. फील्डमधले दीड वर्ष ‘पी’ म्हणून पडलेले असते, किंवा एखादी अॅटॅचमेंट (दुसऱ्या युनिटकडची तात्पुरती नेमणूक) गायबच असते. ब्लड प्रेशर आणि टाइप 2 डायबेटिसला ही अक्षरे निर्णायक ठरतात, कारण मेडिकल ऑफिसरांच्या 2008 च्या मार्गदर्शिकेप्रमाणे फील्ड, अति उंच प्रदेश, बंडखोरीविरोधी कारवाया किंवा लांब मुदतीची समुद्रसेवा चालू असताना आजार सुरू झाला असेल, तर तो नोकरीत वाढला असे मानता येते. तक्ता पार्ट टू ऑर्डर्सशी ताडून पाहावा. हृदयविकाराच्या केसमध्ये झटक्याआधीच्या 14 दिवसांच्या ड्यूटीचा तपशील पाहिला जातो. तो युनिटकडून आलेला असतो, म्हणून अर्जात तोही नावाने मागावा. कान गेला असेल तर ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचे आलेख) एकापेक्षा जास्त वर्षांचे मागवावेत. एका आलेखातून घसरण दिसत नाही. आणि रजेवर येता-जाता अपघात झाला असेल तर रजेचे सर्टिफिकेट आणि प्रवासाचा वॉरंट नसेल तर इंज्युरी रिपोर्ट एकटा पडतो.

सोयीच्या उणिवाही आहेत. झेरॉक्स इतकी फिकी येते की डॉक्टरांचे अक्षर तर सोडाच, तारीखही लागत नाही. अशा वेळी प्रत्यक्ष तपासणी मागावी. पहिला तास मोफत, पुढे तासाला 5 रुपये. तीस दिवसांत उत्तर नाही आले, तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील करावे. त्याला फी नाही, आणि मुदत चुकवलेल्या कार्यालयाने पुढे प्रती फुकट द्यायच्या असतात. त्यानंतर 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोग, पण तिथली रांग लांब आहे.

सर्वांत मोठी उणीव मात्र आरटीआयची नाही, काळाची आहे. पेन्शन न मिळालेल्या जवानाचे सेवा-कागद 25 वर्षांनी नष्ट होतात. त्यात डिसॅबिलिटी पेन्शनच्या पात्रतेच्या 2008 च्या नियमांनी एक गाठ मारून ठेवली आहे: एरवी दावेदाराला स्वतः काही सिद्ध करावे लागत नाही, पण दावा नोकरी सुटल्यावर 15 वर्षांनंतर आला आणि मुदत संपून कागद नष्ट झालेले असले, तर पुराव्याचा भार त्याच्यावर येतो. म्हणजे फाइल मागवायला खरी घाई असेल, तर ती ज्यांचे प्रकरण जुने आहे त्यांना. 21 सप्टेंबर 2023 पासून पात्रतेचे नवे नियम लागू आहेत, त्यामुळे आधी आपली सुटण्याची तारीख बघावी. दुसऱ्याच्या निकालाची प्रत आपल्या केसला चिकटवू नये.

या सेवेला पर्याय म्हणून ‘फाइल बनवून देतो’ म्हणणारे दलाल प्रत्येक कँटीनबाहेर भेटतात. कुणी थकबाकीत टक्का मागतो, कुणी आगाऊ रोख. अंती ते करतात तोच 10 रुपयांचा अर्ज. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तो फुकट लिहून मिळू शकतो, आणि 2025 मध्ये नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) वीर परिवार सहायता योजना सुरू केल्यापासून अशा कार्यालयांतून मोफत कायदेशीर मदतीची सोयही उभी राहते आहे. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात, जिथे एकेका गावात शंभर फौजी निघतात, तिथे दलालाला पैसे मोजण्याचे काहीच कारण नाही. खासगी हॉस्पिटलच्या रिपोर्टला एकच जागा आहे: आजार वाढलाय म्हणून नव्याने टक्केवारी ठरवून हवी असेल, तेव्हा रिव्ह्यू मेडिकल बोर्डाच्या अर्जाला तो जोडावा. टक्केवारी ठरवणार फौजेचेच डॉक्टर.

कागद आले की अपील बांधायला घ्यावे. नामंजुरीवर पहिल्या अपिलाची मुदत 6 महिने, पुढे दुसरे अपील, मग सैन्य दल न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. उशीर झाला म्हणून हक्क बुडतोच असे नाही, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी साधारण अर्ज करण्याआधीच्या 3 वर्षांपुरतीच मिळते. आरटीआयच्या उत्तरासाठी थांबून मुदत घालवू नये. अपील आधी टाकावे आणि ‘कागद मागवले आहेत, आल्यावर पूरक निवेदन देऊ’ असे त्यातच लिहावे, सोबत स्पीड पोस्टची पावती. आलेल्या प्रतींवरचा माहिती अधिकाऱ्याचा शिक्का आणि पाठवणीचे पत्र फाडून वेगळे करू नये. ते पत्र लावले की प्रत कुठून आली, हा वाद निघत नाही.