कोलमचा संच: पीठ घ्या, पुस्तक घ्या, नळी राहू द्या

कोलम म्हणजे तामिळ घरांच्या दारात रोज काढतात ती रांगोळी. तिचं साहित्य हल्ली तयार संचात मिळतं. मी चिपळूणच्या एका प्रदर्शनातून घेतला त्यात एक किलो पांढरं पीठ, कावेची पुडी, भोकं पाडलेली प्लास्टिकची नळी, दोन जाळ्या, उंबऱ्यावर चिकटवायची छापील पट्टी आणि नमुन्यांचं पुस्तक होतं. किंमत साडेपाचशे. दिवाळीपासून वापरते आहे, म्हणून आता मत द्यायला हरकत नाही. पीठ, काव आणि पुस्तक यांचे पैसे वसूल आहेत. बाकीच्या वस्तू काढून तेवढंच पीठ जास्त दिलं असतं तर मी दुसऱ्यांदा डोळे झाकून घेतला असता.

आमचं घर गुहागरला. दसऱ्यानंतर खळं चोपून, शेणाने सारवून घेतलं की तिथून पुढे पावसापर्यंत तुळशीपुढे रोज रांगोळी असते. त्यामुळे संच घेताना मी पहिला प्रश्न विचारला तो पिठाचा. तामिळनाडूत दारातलं कोलम मुळात तांदळाच्या पिठाचं. मुंग्या, पाखरं यांनी ते खावं हाच त्यामागचा हेतू. पण आता तिकडच्या बाजारातही कोलमचं पीठ म्हणून दगडाची भुकटी सर्रास विकली जाते. म्हणून घरी आल्यावर चमचाभर पीठ पाण्यात कालवून आयोडीनचा थेंब टाकला. पाणी काळंनिळं झालं, म्हणजे पिठूळ पदार्थ आहे. भेसळही असू शकते, म्हणून दुसरा चमचा पेल्यात ढवळून ठेवला. तळाशी बसलेला साका बोटांत चोळला तर खर लागली नाही. दुपारी खळ्यात मुंग्यांची रांग लागली तेव्हा खात्रीच पटली.

दळण जाडसर आहे, भाकरीच्या पिठासारखं मऊ नाही, आणि तसंच हवं. मऊ पीठ चिमटीत दबतं आणि रेघ तुटत तुटत पडते. हे सुटतं. शिरगोळ्याच्या रांगोळीची सवय असलेल्यांना मात्र हात बदलावा लागेल. ती भुकटी जड, आपसूक खाली येते. तांदळाचं पीठ हलकं, त्याला अंगठ्याने मागून ढकलत राहावं लागतं. शिवाय ते उडतं. आमच्याकडे खारा वारा सुटायच्या आत, म्हणजे उन्हं चढण्यापूर्वीच काम उरकायला हवं.

तक्रार आहे ती पिशवीची. साध्या प्लास्टिकची पातळ पिशवी, एकदा कापली की बंद होत नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पिठाच्या गुठळ्या झाल्या. उन्हात पसरून, चाळून स्टीलच्या डब्यात भरलं, तेव्हा पुन्हा चालू झालं. विकणाऱ्यांनी हे लिहून तरी द्यायला हवं होतं.

नळीबद्दल थोडक्यात. पीठ भरून जमिनीवर फिरवली की ठरावीक वेलबुट्टी उमटते. गुळगुळीत फरशीवर ठीक. सारवलेल्या खळ्यावर ती अडखळते आणि भोकं बुजतात. जाळ्यांचं काम बरं, पण दोनच नमुने, तेही कमळ आणि मोर, आणि जाळी उचलताना कडा विस्कटते. छापील पट्टीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ती कोलम नव्हे. कोलम रोज पुसलं जातं आणि रोज नव्याने पडतं. तामिळ घरात सुतक असेल तर दारात कोलम नसतं, आणि श्राद्धाच्या दिवशी विधी आटपेपर्यंत काढत नाहीत. रिकामा उंबरा पाहून शेजारी समजून घेतात. पट्टी बारा महिने सारखीच चिकटलेली, ती कोणाला काय सांगणार?

आता पुस्तक. संचातली सर्वांत मोलाची वस्तू हीच. कागद साधा आहे, मजकूर तामिळ आणि इंग्रजीत, पण ठिपक्यांचे आकडे कोणालाही वाचता येतात. १५ पासून ८ पर्यंत असं लिहिलं असेल तर मधल्या ओळीत १५ ठिपके, वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी, मधल्या जागेत बसवलेले. एकूण १६९. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत हे असंच मांडतात, त्यामुळे इथपर्यंत हात चालतो. पुढे वाट वेगळी होते. आपण ठिपक्याला ठिपका जोडतो. त्यांच्या सिक्कू कोलममध्ये रेघ ठिपक्याला शिवतच नाही, त्याच्याभोवती वळत जाते आणि निघाली तिथेच येऊन मिळते.

हे मला पुस्तकापेक्षा नीट समजलं ते आमच्या शेजारच्या आजींमुळे. जन्म कुंभकोणमचा, संसार सगळा माटुंग्यात, मराठी अगदी स्वच्छ. आता मुलाकडे इथे राहतात. त्या पीठ सांडत नाहीत, वाहतं ठेवतात. कमरेतून वाकून, गुडघे न टेकता, हात पुढे नेत स्वतः मागे सरकतात. मी ठिपक्याजवळ थबकले की म्हणायच्या, "अगं, त्याच्याकडे बघू नकोस. पुढच्या वळणाकडे बघ."

त्यांनीच मला चौकटीचा हिशेब दाखवला. उभे ३ आणि आडवे ४ ठिपके घेऊन रेघ तिरकी चालवायची, कडेला आली की वळवायची, तर सगळे ठिपके एकाच अखंड रेघेत गुंफले जातात. ३ बाय ३ घेतलं की एक रेघ पुरत नाही, तीन वेगवेगळे फेरे पडतात. ४ बाय ६ ला दोन. दोन्ही आकड्यांचा मसावि जेवढा, तेवढ्या रेघा. माझ्या नातीला शाळेतला मसावि खळ्यावर बसून कळला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले गिफ्ट सिरोमनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात कोलमच्या रेघांचे नियम संगणकशास्त्राच्या चित्र-व्याकरणात मांडले होते. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत या हिशेबाला एक पान द्यावं अशी माझी मनापासून सूचना आहे.

काव चांगली आहे, रंग आपल्या तांबड्या मातीचाच. ती ओल्या कोलमच्या काठाला लागते, आणि ओलं कोलम आमच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर फारच खुलतं. त्यासाठी संचातलं पीठ खर्चू नका. तांदूळ पाच-सहा तास भिजवून गंधासारखे वाटायचे, घावनाच्या पिठापेक्षा किंचित पातळ करायचे. सुती कापडाचा बोळा त्यात बुडवून मुठीत धरायचा आणि हलके दाबत अनामिकेच्या टोकावरून ओघळ सोडायचा. काढताना रेघ जेमतेम दिसते, वाळली की पांढरीशुभ्र उठते. चिरा खरबरीत, म्हणून धरून ठेवतो. पॉलिश केलेल्या फरशीवर याचे पापुद्रे निघतात, तिथे कोरडं पीठच बरं.

आपला धुंधुरमास म्हणजे त्यांचा मार्गळी, डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत. तिकडे याच महिन्यात पहाटे दारात सर्वांत मोठी कोलमं पडतात आणि मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं फूल खोचतात. आम्ही यंदा खिचडी आणि भाकरीच्या पहाटे तुळशीपुढे तसंच केलं. भोपळ्याचा वेल वाडीत होताच.

घ्यायचा असेल तर विक्रेत्याकडे सुटं पीठ आणि पुस्तक वेगळं मिळतं का ते आधी विचारा. मला मागाहून पीठ ऐंशी रुपये किलोने सुटं मिळालं. मागवायचं ते दसऱ्यानंतर. पावसाळ्यात कोरड्या पिठाचा उपयोग होत नाही. तेव्हा पडवीत ओलं कोलम काढा, त्याला घरचेच तांदूळ पुरतात. फक्त वाळायला अर्धा दिवस धरा आणि तोवर मुलांना दुसऱ्या दाराने पाठवा.