साडेसहा हजारांची अकॉस्टिक गिटार: खान्देशी उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव (आणि नटबद्दल जरा जास्तच)

आकार, लाकूड, खोका, सोबत आलेली पिशवी या गोष्टी विक्रीच्या पानावर आहेतच, त्या परत लिहीत नाही. साडेसहा हजारांच्या आतली, प्लायवूडची, कटअवे (मानेजवळ बॉडीला दिलेली खाच) असलेली गिटार. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक गिटारींना जे लिहितोय ते लागू पडतं. पावसाळ्यात घेतली होती. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकला आणि ब्रिज (तारांची खालची टोकं अडकतात ती, बॉडीवर चिकटवलेली लाकडी पट्टी) मागच्या बाजूने उचलला. वॉरंटी एक वर्षाची होती, तरी उत्तर आलं: "उष्णतेमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही." वर तपासणीसाठी पाठवायची तर दोन्ही बाजूंचं कुरिअर आपल्या खिशातून. खान्देशात विकायची आणि उष्णता वगळायची, म्हणजे वॉरंटी फक्त थंडीपुरती झाली की भो.

तरीही माझी खरी तक्रार ब्रिजची नाही, नटची आहे. नट म्हणजे मानेच्या टोकाला असलेली ती पांढरी प्लास्टिकची पट्टी, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. पाच-पंचवीस रुपयांची ही वस्तू. गाण्याची कॉर्ड्‌स (एकत्र वाजवायच्या सुरांचे गट, त्यांना सी, एफ अशी नावं असतात) शिकताना बोटं रडतात, एफ लागत नाही, सूर लावलेला असूनही सी बेसूर वाजते, याचं खापर नवशिक्याच्या बोटांवर फुटतं. निम्म्या वेळा दोष या पट्टीचा असतो.

तपासायला अवजार लागत नाही. फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, नटपासून मोजायच्या. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि धातूची पट्टी यांच्यात किती फट राहते ते बघा. जेमतेम दिसेल-न दिसेल एवढी फट हवी, झेरॉक्सचा कागद कसाबसा सरकावा इतकी. या गिटारवर पाचव्या-सहाव्या तारेखालून (पहिली तार सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड) व्हिजिटिंग कार्ड आरामात आरपार जात होतं. दुसरी तपासणी ट्यूनरवर, म्हणजे सूर चढा की उतरा ते काट्याने दाखवणाऱ्या यंत्रावर. दुसरी तार मोकळी वाजवून बी बरोबर लावा, मग पहिल्या फ्रेटवर दाबून सी वाजवा. काटा उजवीकडे पळाला तर नट उंच आहे. तार जास्त खाली दाबावी लागते, म्हणजे ती ताणली जाते, म्हणजे सूर चढतो. पहिला फ्रेट नटच्या अगदी लगत असल्याने हा परिणाम तिथे सगळ्यात जास्त. सी, ए मायनर, ई आणि एफ या चारही कॉर्ड्‌समध्ये एखादं तरी बोट पहिल्या फ्रेटवर असतं, म्हणून नेमक्या त्याच खटकतात.

दुकानात हे कळत नाही, कारण तिथे बऱ्याचदा जी, ई मायनर, सी अ‍ॅड नाइन, डी हीच साखळी वाजवून दाखवतात. या चौघींना पहिला फ्रेट लागतच नाही. शिकायलाही ही साखळी सोपी आहे. जी मध्ये अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्यावर ठेवा. सी अ‍ॅड नाइनला ती दोन्ही बोटं हलवायची नाहीत. तर्जनी आणि मधलं बोट फक्त एकेक तार खाली येतात, पाचवी-सहावीवरून चौथी-पाचवीवर. ई मायनरला हीच दोन बोटं चौथ्या-पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, बाकी तसंच. डीला करंगळी उचला, अनामिका जागेवरच. भरपूर गाणी यावर निघतात आणि गिटार उत्तम आहे असं वाटत राहतं. गाण्यात एफ आली की खरं काय ते कळतं. घेताना विक्रेत्याला एफ वाजवायला सांगा. मग त्याच आकाराची बार कॉर्ड (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून धरायची ती) पाचव्या फ्रेटवर धरायला सांगा, ती ए होते. पाचव्यावर सहज लागते आणि पहिल्यावर गच्च होते, म्हणजे नट. दोन्हीकडे गच्च असेल तर सॅडल (ब्रिजमध्ये बसवलेली, तारा टेकतात ती पट्टी) उंच किंवा मान वाकलेली.

यावर फुकटचा इलाज आहे आणि त्यानेच माझं मत बदललं. पहिल्या दोन महिन्यांत हिला पाचपैकी दोन तारे दिले असते. पण सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून, म्हणजे ई च्या जागी ई फ्लॅट असं करत, पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की सूर परत मूळ जागी येतो आणि नट खेळातूनच बाद होतो, कारण आता पहिला फ्रेटच नटचं काम करतो. एफ त्याच बोटांनी लागते. मानेवरचे ठिपके एक घर सरकतात तेवढं लक्षात ठेवायचं. तिसऱ्या फ्रेटचा ठिपका आता दुसरा. कॅपो फ्रेटच्या पट्टीला चिकटून मागे लावा, घराच्या मध्ये नको, नाहीतर तारा चढ्या बोलतात. सोबत फुकट आलेल्या कॅपोची स्प्रिंग इतकी कडक आहे की तो स्वतःच सूर चढवतो. म्हणून कॅपो लावल्यावर ट्यूनर एकदा परत बघा.

आणखी एक फायदा आपल्याकडच्या गाणाऱ्यांमुळे लक्षात येतो. भजनी मंडळ असो की कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बाया, पेटीवाला पट्टी सांगतो ती काळी एक, काळी दोन, काळी चार अशी, म्हणजे पेटीच्या काळ्या पट्ट्यांच्या क्रमाने. अर्धा सूर उतरवलेल्या गिटारवर कॅपो काढला की डी चा आकार काळी एक, ई चा आकार काळी दोन, जी चा काळी तीन आणि ए चा काळी चार देतो. काळी पाच हवी तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि ए चा आकार. पेटीसोबत बसताना एवढं तोंडपाठ असलं की झालं.

कायमचा उपाय करायचा तर नटच्या खाचा खोल कराव्या लागतात. परदेशी नट फाइल्सचा संच गिटारच्या किमतीला भिडतो, तो विसरा. गॅस वेल्डिंगच्या दुकानात नोझल क्लीनर मिळतो, बारीक-जाड खरखरीत काड्यांचा पुडका, एमआयडीसीच्या बाजूला कुठल्याही हार्डवेअरमध्ये. तार सैल करून बाजूला सरकवा, तारेपेक्षा किंचित जाड काडी निवडा, काडीचं टोक खुंट्यांच्या दिशेने थोडं खाली कलतं ठेवा. खाचेचा सगळ्यात उंच बिंदू फ्रेटच्या बाजूलाच राहिला पाहिजे. उलटा उतार झाला तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. तीन-चार घासे, तार परत सुरात, वरची कागदाची तपासणी, मग पुढचे घासे. घाई केली आणि खाच जास्त खोल गेली, तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते. अशा वेळी खाचेत चिमूटभर खायचा सोडा आणि त्यावर फेविक्विकचा थेंब टाका. दगडासारखं होतं, मग नव्याने घासा. नट झाल्यावर हिला साडेतीन तारे द्यायला हरकत नाही.

सॅडल मात्र श्रावणात घासू नका. पावसाळ्यात वरची पाटी ओल पिऊन फुगते, ब्रिजसकट तारा वर येतात, बाराव्या फ्रेटवर सहावी तार साडेतीन मिलिमीटरपर्यंत जाते आणि हात शिवशिवतात. हवा कोरडी झाली की ती आपोआप खाली येते. पावसात घासून बरोबर केलेली गिटार एप्रिलमध्ये खरखरते. मोजमाप दिवाळीनंतर घ्या. बाराव्या फ्रेटवर सहावी तार अडीच मिलिमीटर आणि पहिली दोनच्या आत आली तर छान. तिथे एक मिलिमीटर उतरवायचं तर सॅडलच्या तळातून दोन मिलिमीटर जावं लागतं. आधी मान बघा: पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून चौदाव्यावर तार दाबली की सहाव्या-सातव्या फ्रेटवर साधारण 0.2 मिलिमीटरची फट हवी. गॅरेजवाल्याकडचं फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) चालतं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी लोखंडी सळई) घड्याळाच्या दिशेने एका वेळी पाव वळण, त्याहून जास्त नाही.

आता उन्हाळा. सहा तारा मिळून ब्रिजवर सुमारे 70 किलोचा ताण असतो. स्वस्त गिटारीत ब्रिजखालचं पॉलिश नीट खरवडलेलं नसतं, डिंक लाकडाला न धरता पॉलिशला धरतो. तापलेल्या पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीच्या डिकीत डिंक मऊ पडला की मागची कड सुटते. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का ते दर महिन्याला बघा. सरकला तर तारा लगेच सैल करा आणि मान वाकली समजून ट्रस रॉडला हात लावू नका. चिकटवताना जुना डिंक आणि पॉलिश दोन्ही काढून कोऱ्या लाकडावर चिकटवून, क्लॅम्प लावून रात्रभर ठेवावं लागतं. फटीत नुसता डिंक सोडून देणाऱ्याला पैसे देऊ नका, पुढच्या मेमध्ये परत उघडेल.

अर्धा सूर उतरवलेला असला की ताण साधारण अकरा टक्क्यांनी कमी होतो, ब्रिजला तेवढाच दिलासा. 12 च्या तारांऐवजी थोड्या बारीक 11-52 लावल्या की आणखी (हे आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). डॅडारिओच्या फॉस्फर ब्राँझ त्या मापात मिळतात आणि कंपनीच्या तारांपेक्षा आवाजही उघडा देतात. कूलरच्या झोतासमोर गिटार टांगू नका. दिवसा कोरडं ठाक, रात्री कूलरची दमट हवा, या ओढाताणीत मान रोज हलते आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन तळहाताला टोचतात. खोक्यात ठेवा, शे-दोनशेचा आर्द्रतामापक सोबत टाका. 45 ते 55 टक्के राहिले तर उत्तम, मेमध्ये तीस मिळाले तरी चालवून घ्यायचं.

तालाचं थोडक्यात. अहिराणी लग्नगीतं बरीचशी केरवाच्या चालीवर आहेत आणि दोन-तीन कॉर्ड्‌सवर भागतात: आठ मात्रांत हाताचा झटका असा, खाली, रिकामं, खाली, वर, रिकामं, वर, खाली, वर. दादऱ्याला सहा मात्रा: खर्जाची तार, खाली, खाली, आणि परत तेच. ही गिटार चार-चार तारा एकदम झोडल्यावर गढूळ होते, त्यामुळे दादऱ्यात ती जास्त गोड वाटते. कॉर्ड बदल तालाच्या शेवटच्या मात्रेवर हात सोडून करायचा. बोटं बसेपर्यंत मोकळ्या तारा वाजल्या तरी कानाला चालतात, ताल थांबलेला चालत नाही.

खुंट्यांबद्दल तक्रार एकच: तिसऱ्या तारेची खुंटी घसरते. आधी तिच्या मागचा छोटा स्क्रू आवळून बघा, आणि सूर नेहमी खालून वर चढवत लावा. तरी घसरली तर सहा खुंट्यांचा संच बदलून टाका, पण घेण्याआधी भोकाचा व्यास आणि दोन स्क्रूंमधलं अंतर मोजून न्या, दुकानातले संच एकमेकांशी जुळत नाहीत.