चार स्पीकरच्या रेकॉर्डींसाठी शिबाता सुई: सांगलीतला आठ महिन्यांचा अनुभव

माझा मामा मर्चंट नेव्हीत होता. सत्तरच्या दशकात त्याने योकोहामाहून तेरा क्वाड्राफोनिक, म्हणजे चार स्पीकरमधून चार वेगळे आवाज काढणाऱ्या, रेकॉर्डी आणि त्यांतल्या बहुतेक वाजवायला लागणारा जेव्हीसीचा डिमॉड्युलेटर (खाचेत कोरलेले चार आवाज सुटे करणारा डबा) आणला. त्याचं घर गावभागात. २०१९च्या पुरात तळमजल्यावरचे चारही स्पीकर गेले. रेकॉर्डी आणि हा डबा माळ्यावर होता म्हणून वाचला. मामाच्या माघारी तो ठेवा माझ्याकडे विश्रामबागेत आला. तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे हे नीट वाजवून दाखवणं मला माझं काम वाटलं.

सुई निवडायच्या आधी रेकॉर्ड कोणत्या पद्धतीची आहे ते कव्हरवर बघा. माझ्याकडच्या चार एसक्यू आहेत. ही सीबीएसची पद्धत. सॅन्सुईची क्यूएसही त्याच जातीची. चार चॅनल फेजचा (लाटा एकमेकींच्या पुढेमागे सरकवण्याचा) खेळ करून दोनांत गुंफलेले असतात आणि सगळं काही ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच राहतं. त्यांना चांगली एलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची, सुई पुरते. दोन्ही चॅनलचा आवाज सारखा असावा आणि कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो छोटा ठोकळा) रेकॉर्डवर सरळ उभं असावं, एवढंच बघा. जादा पैसे घालू नका.

खरा प्रश्न उरलेल्या नऊ सीडी-४चा. ही जेव्हीसीची पद्धत, कॉम्पॅक्ट डिस्कशी हिचा संबंध नाही. खाचेच्या प्रत्येक भिंतीवर पुढच्या आणि मागच्या स्पीकरची बेरीज नेहमीसारखी कोरलेली असते, आणि त्यांची वजाबाकी ३० किलोहर्ट्झच्या कॅरियरवर, म्हणजे वाहक लाटेवर, चढवलेली असते. तो पट्टा साधारण ४५ किलोहर्ट्झपर्यंत जातो. कानाला त्यातलं काही ऐकू येत नाही, पण सुईला ते वाचावंच लागतं. आता गणित बघा. ३३⅓च्या वेगाने फिरणाऱ्या रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला ३० किलोहर्ट्झची एक लाट सुमारे १७ मायक्रॉन लांब असते. लेबलजवळ तीच ७ मायक्रॉनवर येते. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन. ती त्या लाटेत उतरणार कशी? म्हणून जेव्हीसीच्या नोरिओ शिबाता यांनी वेगळ्या घडणीचं टोक काढलं. बाजूने धारदार, पण भिंतीला वरून खाली लांब रेषेत टेकणारं. वजन त्या रेषेवर विभागलं जातं, त्यामुळे बारीक कोरीव काम लवकर झिजत नाही.

माझ्या टर्नटेबलवर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम ५०० मालिकेतलं कार्ट्रिज होतं, एलिप्टिकल सुईचं. बाहेरच्या खाचांत डिमॉड्युलेटरचा तांबडा दिवा लागायचा. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला तो मिचमिचायला लागे आणि मागच्या स्पीकरमधून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज येई. याच कार्ट्रिजच्या अंगात व्हीएमएन ५०एसएच ही शिबाता सुई बसते, म्हणून नुसती सुई मागवली. पहिली जिथून घेतली त्या ऑनलाइन विक्रेत्याने नकली पाठवली. खोक्यावरची छपाई पुसट होती आणि भिंगाखाली टोक गोल दिसलं. परत केली, आणि दुसरी अधिकृत विक्रेत्याकडून घेतली. तुम्हीही तिथूनच घ्या, आणि आल्या आल्या भिंगाखाली धरून बघा.

खोक्यावर पल्ला २७ किलोहर्ट्झपर्यंतच लिहिलेला बघून दचकू नका. त्याच्या पुढे आवाज पडत जातो, एकदम तुटत नाही. कॅरियर एफएम असल्यामुळे, म्हणजे माहिती लाटेच्या उंचीत नसून वारंवारतेत असल्यामुळे, तो थोडा क्षीण झाला तरी डिमॉड्युलेटर पकडतो. मात्र किती क्षीण होतो याला सुईइतकीच वायर जबाबदार असते, आणि माझं घोडं पेंड खात होतं ते नेमकं तिथे.

नव्या सुईने चर्र आवाज निम्म्यावर आला, पण गेला नाही. हरभट रोडजवळ आमचा एक रेडिओ मेकॅनिक आहे. डिमॉड्युलेटरचे जुने कंडेन्सर त्यानेच बदलले होते. जपानी यंत्राला १०० व्होल्ट लागतात, त्यासाठी कुपवाडच्या एमआयडीसीतून ट्रान्सफॉर्मर बांधून आणला तोही त्याच्याच सांगण्यावरून. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, पिन नवी, मशीन बी चांगलं. मग आता वायर बघूया की ओ."

कॉलेजातून मीटर मागून आणला. टोनआर्मपासून (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यापासून) डिमॉड्युलेटरपर्यंत वायरची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, मोजली तर २३० पिकोफॅरड भरले. सीडी-४ला ते शंभराच्या आत हवेत. कार्ट्रिजच्या कॉइलचं इंडक्टन्स ४६० मिलिहेन्री. या दोहोंचा रेझोनन्स (अनुनाद) साडेपंधरा किलोहर्ट्झवर येतो आणि त्याच्या वर सगळा उतार. बिचारा कॅरियर त्या उतारावरच घसरत होता. मेकॅनिकने डिश अँटेनाच्या केबलचे अर्ध्या अर्ध्या मीटरचे दोन तुकडे कापले आणि टोकांना प्लग लावले. मोजलं तर ९५. रेझोनन्स चोवीसवर सरकला. केबल ताठ आहे, वळवताना टर्नटेबल ओढलं जाणार नाही हे बघावं लागतं, आणि अर्थिंगची वायर वेगळी न जोडल्यास गुणगुण येते. पण त्या संध्याकाळी पहिली सीडी-४ शेवटच्या खाचेपर्यंत वाजली आणि दिवा एकदाही हलला नाही. माझ्या पाठीमागे, डाव्या कोपऱ्यात, बासरी सुरू झाली. मी चक्क मागे वळून बघितलं.

एक सांगायलाच हवं, शिबाता सुई आळशी बसवणी खपवून घेत नाही. वजन २ ग्रॅम, काट्यावर मोजून. कार्ट्रिजखाली छोटा आरसा ठेवून ते प्रतिबिंबाशी सरळ रेषेत आहे का बघायचं. मला यात तीन दुपारी लागल्या. पुराच्या ओलीने कव्हरं फुगली होती आणि खाचांत बारीक गाळ होता. धुतल्याशिवाय या सुईखाली रेकॉर्ड ठेवूच नये, ती तळापर्यंतची घाण गोळा करून आणते. आयुष्य कंपनी ८०० तास सांगते, एलिप्टिकलचं ३००. त्या हिशेबाने पाऊण तासाच्या हजाराहून जास्त रेकॉर्डी होतात, म्हणजे महाग वाटली तरी ती महाग नाही.

नऊपैकी सात सीडी-४ आता चारही कोपऱ्यांतून वाजतात. उरलेल्या दोनांवर दिवा लागतच नाही. त्या मामाच्या सगळ्यात आवडत्या होत्या, आणि शेवटच्या वर्षांत त्याने त्या जुन्या गोल सुईवर वाजवल्या. कॅरियर तेव्हाच घासून गेला. त्यांच्यासाठी आणि एसक्यूसाठी एलिप्टिकल सुई मी तिच्या डबीत जपून ठेवली आहे. त्या दोन रेकॉर्डी मी डिमॉड्युलेटर बंद करून, स्टिरिओतच ऐकते.