स्ट्रिप की रिप्लेस?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मजकुरातली स्पेस काढायची म्हटलं की हात आधी रिप्लेसकडे, म्हणजे दिलेलं अक्षर सगळीकडे बदलणाऱ्या replace() कडे जातो. मुंबईच्या लोकल स्थानकांची यादी साफ करताना मीही तेच केलं आणि ‘लोअर परळ’चं ‘लोअरपरळ’ झालं. शोधात स्थानक सापडेना! नावांना स्ट्रिपच, म्हणजे strip() हवं. ते फक्त दोन्ही टोकं साफ करतं, मधल्या जागेला हात लावत नाही. शिवाय टोकाला टॅब, नवी ओळ किंवा वेबपानावरून चिकटून आलेली न तुटणारी स्पेस (जिच्यापाशी ओळ तुटत नाही) असेल, तर तीही जाते. रिप्लेसला साधी स्पेस दिली तर तेवढीच जाते, बाकीच्या तशाच राहतात.

मोबाइल नंबरला मात्र रिप्लेस बरं, कारण तिथे मधल्या स्पेसही काढायच्या असतात. आणि दोन्हींचं उत्तर व्हेरिएबलमध्ये परत ठेवा. मूळ स्ट्रिंग (मजकूर) बदलत नाही.