गॅलरीतलं पेव: वर्षभरानंतर काय वाटतं

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधली नेहमीची रड: समोर टॉवर, गॅलरीत ऊन नाही, मग फुलझाड लावायचं तरी कोणतं? मी पेव लावलं. वर्ष उलटल्यावर सांगते, सावलीतल्या गॅलरीला याच्यासारखं झाड नाही. फक्त हिवाळ्यात रिकामी कुंडी बघायची तयारी ठेवा.

मुळात हे जंगलातलं, मोठ्या झाडांखाली वाढणारं. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पावसाळ्यात गेलात तर सहज दिसेल. पानं खोडाभोवती गोल फिरत वर चढतात आणि खोडही त्यांच्यासोबत वळत जातं. पानाच्या पाठीवर बोट फिरवलं की मऊ लव लागते. हळद-आल्याच्या नात्यातलं असलं तरी पान चुरडून बघा, वास काही येत नाही. जुलैअखेरीस शेंड्याला लाल कणीस धरतं आणि त्यातून एका वेळी एखाद-दुसरंच फूल बाहेर येतं: पांढरंशुभ्र, मध्ये पिवळट, चुरगळून परत उलगडलेल्या क्रेप कागदासारखं. फूल एकच दिवस टिकतं, पण मागे दुसरं तयारच असतं. फुलं सरली तरी लाल कणीस बरेच दिवस शोभतं.

नर्सरीत 'बाराही महिने हिरवं' असं सांगून देतात, ते धरून चालू नका. डिसेंबरच्या सुमारास पानं पिवळी पडतात, दांडे वाळतात आणि शेजारीपाजारी 'मेलं वाटतं' म्हणून मोकळे होतात. मेलेलं नसतं, कंद खाली जिवंत असतो. वाळके दांडे कापा, पाणी अगदी कमी करा, कुंडी कोपऱ्यात सरकवा. मे-जूनमध्ये कोंब वर येतात. तेव्हाच शेणखत घाला, आणि कंदाचे तुकडे करून वेगळे लावायचे तर तेव्हाच लावा. प्रत्येक तुकड्याला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, हवा.

कुंडी रुंद घ्या, १४ इंची तरी. माती भुसभुशीत, पालापाचोळा मिसळलेली. पावसाळ्यात ओल हवी, पण तळाशी पाणी साचलं की कंद कुजतो. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारच्या उन्हाने पानांच्या कडा करपतात. गोगलगायी कोवळ्या कोंबांवर तुटून पडतात, रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या. वरच्या मजल्यावर वारा दांडे आडवे करतो, कारण झाड माणसाएवढं उंच होतं. काठीचा आधार द्यावाच लागतो. छोट्या ग्रिलमध्ये मात्र हे लावूच नका.

रोप नर्सरीतूनच घ्या. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून झाड उपटून आणणं गुन्हा आहे. विकत घेताना 'पांढऱ्या फुलाचं पेव' असं स्पष्ट सांगा, नाहीतर हातात 'इन्सुलिन प्लांट' ठेवतील. ती याची नारिंगी फुलांची, ब्राझीलकडची चुलत बहीण.